उजव्या कानाचं माप

"काका, तुमचे दोन कान एका मापाचे नाहीत," संयुक्ता म्हणाली.

राघोत्तमरावांनी ही बातमी शांतपणे ऐकून घेतली. विमा कंपनीच्या दावे विभागात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला, एखादी गोष्ट उघडकीस यायला त्रेसष्ट वर्षं लागली तर त्यात काही वावगं वाटत नाही.

"कुठलं मोठं अहे?"

"डावा मोठा. उजवा अरुंद आहे, आणि आत जाऊन जरासा वळलाय." तिनं काउंटरवरच्या डबीतून आणखी एक रबरी टोपी उचलली. वाटाण्याएवढी, राखी रंगाची. "म्हणून तुम्हाला मघापासून उजवीकडे आवाज पातळ वाटतोय. टोपी नीट बसली नाही की खालचे सूर सगळे गळून जातात बघा, भांड्याला भोक असल्यासारखे. डाव्याला मधली लावू, उजव्याला लहान. कान जरा वर ओढा. हां. आता तोंड उघडा."

राघोत्तमरावांनी तोंड उघडलं. इअरफोन घ्यायला गेल्यावर दंतवैद्यासमोर बसल्यासारखं बसावं लागतं, हे मुलीनं फोनवर सांगितलं नव्हतं.

मुलगी दिव्यश्री बंगळूरला. तिच्या बाळंतपणाला म्हणून त्यांची बायको तुळसी तीन महिन्यांसाठी गेली, त्याला आता दीड वर्ष झालं होतं. नातू आधी पालथा पडला, मग रांगला, मग चालायला लागला, आणि त्याच्या प्रत्येक पराक्रमागणिक तुळसीचा मुक्काम वाढत गेला. रोज संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ कॉल व्हायचा. "जेवण जालं कां?" तुळसी विचारायची. "जालं," राघोत्तमराव सांगायचे. मग दोघंही नातवाकडे बघत बसायची. एक जवळून, एक मद्रासजवळच्या तांबरमहून. गेल्या आठवड्यात मुलगी म्हणाली, "अप्पा, तुमचं बोललेलं घुमतं हो. येक बरं इअरफोन घ्या नं." तिच्या मनात काय होतं ते उघड होतं. तांबरम स्टेशनाबाहेर तसे इअरफोन टोपलीत भरून, मल्लीच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, गजऱ्यांशेजारी विकायला असतात.

राघोत्तमराव त्या टोपलीवरून पुढे गेले, गाडीत बसले, आणि मैलापुरात एका सभागृहामागच्या गल्लीत, भांड्यांच्या दुकानावरच्या पहिल्या मजल्यावर चढले. तिथे काचेच्या कपाटात मखमलीवर इअरफोन मांडलेले होते, सराफाकडे कुड्या मांडतात तसे. दारावर आडी महिन्याच्या, म्हणजे तमिळ आषाढाच्या, सवलतीचा कागद चिकटवलेला. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. छतातल्या स्पीकरवर कुठलंसं इंग्रजी गाणं चालू होतं.

"स्टेजवर गाणारे कानात घालतात, तसं पाहिजे," ते तमिळमध्ये म्हणाले होते. काउंटरमागच्या तिशीतल्या बाईनं तितक्याच वाईट तमिळमध्ये विचारलं, "ऐकण्याचा काही त्रास?"

"लोकांना तसं सांगितलंय," राघोत्तमराव म्हणाले.

ती कपाटाकडे वळली. कपाटातून जोड काढताना तिच्या हातून डबी पडली, टोप्या फरशीभर झाल्या आणि तिच्या तोंडून निघालं, "अगं बाई." मग राघोत्तमराव खाली वाकून टोप्या वेचता वेचता म्हणाले, "तुमी मराठी कां?"

"मी सांगलीची. संयुक्ता. साउंड इंजिनिअरिंग करायला आले आणि इथंच राहिले. तुम्ही पण मराठी? मग असं कसं बोलताय?"

"अमचं मराठी तंजावूरचं, अम्मा. साडेतीनशे वर्षांमागे तिकडून निघालं. नंतर कोणी काही कळवलं नाही."

तेव्हापासून ती त्यांना काका म्हणत होती.

उजव्या कानात लहान टोपी बसली आणि दुकान एकदम लांब गेलं. राघोत्तमरावांनी तोंड मिटलं.

"काय ऐकणार?" तिनं एक टोपी किंचित बाहेर ओढून विचारलं. "लोक इथं येऊन बास बघतात. माझ्याकडे खास बासची गाणी आहेत. गळा बघायचा असेल तर गळ्याची आहेत."

"माझ्या फोनमध्ये अहे." त्यांनी फोन पुढे केला. "ह्यातलं मागचं तंबुरा ऐकायचं अहे मज."

"तंबोरा? तो तर कोणीच ऐकत नाही, काका."

"बरोबर अहे. ऐकू आला तर वाजवणाऱ्याचं चुकलं."

तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशाला पेन, कपाळावर उभी रेघ. मग फोनच्या पडद्यावरचं नाव वाचलं. गायिका सुंदरी अम्मांचं नाव तिला माहीत होतं. हे दुकान सभागृहामागे असल्यामुळे माहीत असणं भागच होतं.

"तुम्ही वाजवलाय?"

"बावीस वर्षं."

मद्रासेकडे मैफिलीला कचेरी म्हणतात. राघोत्तमरावांच्या आयुष्यात त्यामुळे दोन कचेऱ्या होत्या. सकाळच्या कचेरीत ते दाव्यांच्या फायली घेऊन बसत आणि संध्याकाळच्या कचेरीत तंबोरा घेऊन. दोन्हीकडे काम एकच होतं. पुढच्या माणसाला मागे वळून बघायची वेळ येऊ द्यायची नाही.

ते त्यांनी बावीस वर्षं नेमानं केलं. अम्मांची पाठ त्यांना पाठ होती. मानेवरचा तीळ, वेणीतली मल्ली, वरच्या षड्जाला जाण्याआधी डावा खांदा अर्धा इंच वर येणं. गातानाचा चेहरा मात्र त्यांनी कधी पाहिला नाही. तो बघायला लोक तिकीट काढून यायचे. राघोत्तमरावांची जागा फुकट होती.

२००७च्या डिसेंबरात, मार्गळीच्या संगीत-हंगामात, एका कचेरीत मुख्य रागाचा आलाप रंगात आला असताना अम्मा थांबल्या आणि त्यांनी मागे वळून पाहिलं.

बस्स, एवढंच झालं होतं. त्यांनी वळून पाहिलं, पुन्हा पुढे पाहिलं आणि गायला लागल्या. पण आलाप मधे तोडून गाणाऱ्यानं तंबोऱ्याकडे वळून बघणं म्हणजे काय, हे त्या सभागृहातल्या आठशे माणसांना कळत होतं, आणि त्यातली निम्मी माणसं हे लक्षात ठेवायलाच आलेली असतात. तंबोरा उतरला. राघोत्तमरावांनी खाली मान घालून खर्जाच्या तारेचा मणी सरकवला, मग पुन्हा सरकवला. कचेरी संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. शेवटचं मंगलम झालं, टाळ्या सुरू झाल्या, तेव्हाच त्यांनी तंबोऱ्याला गवसणी घातली आणि बाजूच्या दारानं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अम्मांना पत्र लिहिलं. दावे विभागातल्या इंग्रजीत, वैयक्तिक आणि अपरिहार्य कारणास्तव आपण यापुढे उपस्थित राहू शकणार नाही, क्षमस्व. अम्मांवर नको म्हणण्याची वेळ येऊ नये म्हणून हे त्यांनी आधीच केलं. त्यांच्या मते ती सभ्यता होती. पत्राला उत्तर आलं नाही, म्हणजे अंदाज बरोबर होता.

नंतर तीन-चार गायकांचे फोन आले. प्रत्येकाला ते म्हणाले, "कानाचं जरा त्रास अहे." ज्याला आपली तार उतरलेली कळली नाही, त्यानं दुसऱ्याच्या मागे बसायचं कशाला? दोन वर्षांपूर्वी अम्मा गेल्या. राघोत्तमराव अंत्यदर्शनाला गेले, रांगेत उभे राहिले, नमस्कार केला आणि परत तांबरमला आले. तंबोरा घरी कोपऱ्यात उभाच होता. तुळसी जायच्या आधी त्याच्या गवसणीवर टॉवेल वाळत घालायची.

आणि दोन महिन्यांपूर्वी कुणा हौशी माणसानं त्याच कचेरीचं ध्वनिमुद्रण इंटरनेटवर चढवलं. थेट मिक्सरवरून घेतलेलं, अगदी स्वच्छ. खाली नावं होती. गायन, व्हायोलिन, मृदंगम, घटम. तंबोऱ्याचं नव्हतं. ते विसरणं हा तिथल्या रिवाजाचाच भाग असल्यामुळे राघोत्तमरावांनी ते मनाला लावून घेतलं नाही. फोनच्या स्पीकरवर त्यांनी ते पंधरा-वीस वेळा लावलं. गळा ऐकू यायचा, मृदंगम डब्यासारखा वाजायचा आणि तंबोऱ्याच्या जागी काहीच नसायचं.

हे सगळं त्यांनी संयुक्ताला सांगितलं नाही. पत्राचं गाळलं, रांगेचं गाळलं. एवढंच म्हणाले, "सत्तेचाळीस मिनिटांवर त्यांनी मागे बघितलं. त्याच्या आधी तार उतरली होती कां, ते बघायचं अहे."

"कधीची गोष्ट?"

"अठरा वर्षं जाली."

"आणि आता कळून काय करणार?"

"काय करणार? कळेल."

संयुक्तानं छतातल्या गाण्याचा आवाज थोडा कमी केला आणि कामाला लागली.

पहिला जोड पोरांमध्ये फार खपणारा होता. राघोत्तमरावांनी अर्धं मिनिट ऐकून काढला. "मृदंगम घरांत शिरलं. बाकीचे सगळे बाहेर उभे अहेत."

"बास फुगवलेला आहे त्यात. लोकांना आवडतो."

दुसऱ्यात व्हायोलिनचा गज तारेवर घासलेला ऐकू येत होता आणि अम्मांचा प्रत्येक 'स' फोडणीत पडल्यासारखा चरचरत होता. त्यात पुढच्या रांगेतल्या कुणाचा तरी खोकला इतका स्पष्ट होता की राघोत्तमरावांनी त्या माणसाला आवाजावरून ओळखलं. बँकेत मॅनेजर होता. प्रत्येक कचेरीला येऊन तिसऱ्या कृतीला खोकायचा. त्यालाही जाऊन दहा वर्षं झाली होती. "छान अहे," ते म्हणाले, "पण हे उजवं लागतंय. आत खुंटी मारल्यासारखं."

"रबर नको मग. थांबा, फोम देते." तिनं पिवळसर, स्पंजासारखी टोपी चिमटीत दाबून काडीएवढी बारीक केली. "ही झटक्यात घालायची, आणि बोटानं धरून वीस आकडे मोजायचे. आत गेल्यावर ती फुगते, तुमच्या कानाच्या आकाराची होते. वायर कानावरून मागे घ्या. अशी."

तिसरा जोड दिसायला अगदी साधा होता, काळा, बटणाएवढा. राघोत्तमरावांनी मोजायला सुरुवात केली. सातला दुकानातलं गाणं गेलं. बाराला खालच्या रस्त्यावरचे हॉर्न गेले. वीसला काहीच उरलं नाही. उजवा कान पहिल्यांदाच दुखत नव्हता. कानात काही आहे हेच कळत नव्हतं.

त्यांनी सेहेचाळिसाव्या मिनिटापासून लावलं.

अम्मा गात होत्या. जवळ, इतक्या जवळ की दोन सुरांमधलं थुंकी गिळणं ऐकू येत होतं. आणि त्यांच्या मागे, खूप खाली, एखाद्या घरात कुणीतरी आहे हे दार न उघडताही कळावं तसा तंबोरा होता. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. मग थांबा. पुन्हा पंचम. तो थांबा त्यांचा होता. दुसरं कुणी इतकं थांबत नसे. अम्मांना तेवढा थांबा लागायचा. राघोत्तमरावांनी डोळे मिटले आणि तार तपासली. फायलीतली तारीख तपासावी तशी, एकदा, दोनदा, तीनदा.

तार लागलेली होती. खर्जही लागलेला होता. इतका, की अम्मा त्यावर उभ्या होत्या आणि त्यांना पायाखाली बघायची गरज नव्हती.

मग सत्तेचाळीस मिनिटं बारा सेकंदांना काहीतरी गुरगुरलं. थांबलं. पुन्हा गुरगुरलं. रेशमी साडीची सळसळ झाली, आलाप तुटला. तिसऱ्यांदा गुरगुरलं. मग तंबोरा अडखळला, खर्जाची तार सैल पडून बेसूर झाली, आणि अकरा सेकंदांनी पुन्हा जागेवर आली.

त्यांनी ते चार वेळा लावलं. मग टोप्या काढून संयुक्तापुढे धरल्या. "हे काय अहे, तुमी सांगा."

तिनं टोप्या बदलून जोड स्वतःच्या कानात घातला. ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. हा तिच्यासाठी रोजचा प्रश्न होता.

"फोन आहे, काका. कुणाचा तरी फोन व्हायब्रेट होतोय. पिशवीत ठेवलेला, आणि पिशवी स्टेजच्या लाकडावर. ती थरथर फळीतून माइकच्या दांडीत चढलीय. गाणाऱ्याला असल्या वेळी अगदी पायात लागते. तुम्हाला तेव्हा नाही आली ऐकू?"

"उजव्या कानाला तंबुरा असतं," राघोत्तमराव म्हणाले. "दुसरं काही ऐकू येत नाही."

"मग त्यांनी फोनकडे बघितलं असेल की. पिशव्या कुठं ठेवता तुम्ही?"

"तंबुरावाल्याच्या मागे. पडद्याशी."

"मग झालं तर," संयुक्ता म्हणाली. तिला आनंद झालेला दिसला. "तुमची तार बरोबर होती. त्यांनी बघितल्यावर तुम्ही हात लावलात, तेव्हा ती बिघडली. आणि मग लगेच नीट केलीत."

राघोत्तमरावांनी मान हलवली. अम्मांची नजर त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांवर नव्हती, खांद्याच्या जरा वरून गेली होती, हे त्यांना आजवर अनेकदा आठवलं होतं. भल्या बाई, चारचौघांत डोळ्यांत बघायचं टाळलं, असा त्याचा अर्थ त्यांनी लावून ठेवला होता. तो त्यांनी आता काढून घेतला. त्याजागी ठेवायला दुसरं काही चटकन हाताला लागेना.

कारण मग पत्राचं काय? बावीस वर्षं मागे बसलेला माणूस एका सकाळी कारण न सांगता येत नाही म्हणून कळवतो. अम्मांनी त्याचा काय अर्थ लावला असेल? तिथली रीत अशी की असल्या पत्राला उलट विचारणा करत नाहीत. ज्याचं त्याला कारण असेल. त्यांनीही सभ्यताच केली होती. त्यानंतर त्या शेवटपर्यंत विजेच्या श्रुतीपेटीवर गायल्या. पेपरात फोटो यायचे. अम्मा, बाजूला डब्याएवढी पेटी आणि मागे रिकामं जाजम. यंत्र आपल्यापेक्षा बरं निघालं, असं राघोत्तमराव तेव्हा म्हणाले होते, तुळसीला. दुसरा माणूस तिथे कधी बसला नाही, ही गोष्ट फोटोत दिसत होती, पण ती त्यांनी वाचली नव्हती.

"हाच जोड देऊ पॅक करून?" संयुक्तानं विचारलं.

"अजून ऐकायचं अहे."

"किती राहिलंय?"

"पावणेदोन तास."

तिनं घड्याळ बघितलं. दीड वाजला होता. "बसा. आडीत गिऱ्हाईक येतं ते नुसतं विचारायला येतं. मी जेवून घेते. पोळी खाणार?"

"मी दहीभात खाऊन निघालों."

"अकरा वाजता निघाला असाल तांबरमहून. तो जिरला की केव्हाच." तिनं डब्याच्या झाकणात अर्धी पोळी आणि वांग्याची भाजी घालून त्यांच्यापुढे सरकवली. मग थोडं थांबून, दुसरीकडे बघत म्हणाली, "मला पण इथं जेवताना बोलायला कोणी नसतं. तुम्ही ऐका. नुसते बसा समोर."

राघोत्तमराव पोळी खात ऐकत बसले. फोमच्या टोप्या घालून चावलं की स्वतःचं चावणं डोक्यात गिरणीसारखं घुमतं, म्हणून त्यांनी खाणं दोन घासांवर थांबवलं. मुख्य कृती झाली. मृदंगम आणि घटम यांचं भांडण झालं आणि मिटलं. छोट्या छोट्या रचना झाल्या. तंबोरा कुठेही हलला नाही. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज, थांबा. वाजवणारा माणूस खाली मान घालून बसला होता आणि त्याला वाटत होतं की सगळं बिघडलंय. पण ते त्याच्या हातापर्यंत पोचलेलं नव्हतं.

मंगलम झालं. टाळ्या सुरू झाल्या. फोनवर ते इथेच बंद करत असत. पुढे नुसता गोंगाट होता. चढवणाऱ्या हौशी माणसानं आळसानं तो कापला नव्हता. या जोडात मात्र गोंगाटाचेही पदर सुटे होत होते. खुर्च्या सरकल्या. कुणीतरी मुलाला हाक मारली. गवसणीची दोरी ओढल्याचा आवाज आला, मग लाकडावर अनवाणी पावलं, लांब जाणारी. ती त्यांचीच होती.

आणि मग माइकपासून दूर, गाऊन बसलेल्या आवाजात, अम्मा. "राव एंगे?"

राव कुठं आहेत?

"पोयिट्टार, अम्मा," कुणीतरी सांगितलं. गेले.

थोडा वेळ नुसत्या टाळ्या. मग अम्मा, कुणालाच उद्देशून नाही अशा. "कॉफी कूड कुडिक्काम?" कॉफीसुद्धा न घेता?

तिथे ध्वनिमुद्रण संपलं.

राघोत्तमरावांनी बोट लावून ते थोडं मागे ओढलं. पावलं. टाळ्या. राव एंगे?

"इथंच अहें, अम्मा," ते म्हणाले.

कानात इतकं घट्ट बसलेलं असलं की माणसाला आपला आवाज कळत नाही. ते खूप मोठ्यानं बोलले होते. संयुक्तानं डब्यातून मान वर केली. त्यांचे डोळे मिटलेले होते, पाठ ताठ होती. पुन्हा बोट पडद्यावर फिरलं, पुन्हा थोडा वेळ गेला आणि पुन्हा ते तितक्याच मोठ्यानं, हजेरी द्यावी तसं म्हणाले, "इथंच अहें."

संयुक्तानं डब्याला झाकण लावलं. उठली, भिंतीशी गेली आणि छतातलं गाणं पूर्ण बंद केलं. त्यांच्या कानांपर्यंत ते पोचतच नव्हतं, हे तिला माहीत होतं. तरी बंद केलं.